शैक्षणिक साहित्य : टँकर

मराठी साहित्यातला सर्वांत उपेक्षित प्रकार म्हणजे शिक्षकाचं टाचण. रोज लिहिलं जातं, त्यावर सही होते, वाचत कुणीच नाही. माझं टाचण मात्र देखणं असतं. पस्तीस मिनिटांचा तास : पाच मिनिटं पूर्वज्ञान, वीस विवेचन, सात सराव, तीन स्वाध्याय. मुलांनी मध्येच बोलायला वेळ ठेवलेला नाही. तो ती आपापला काढून घेतात.

शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस आणि १००० तास नेमून दिलेत. कायदा लिहिणाऱ्यांनी पुण्याच्या नगर रस्त्यावरची सकाळ पाहिली नसावी. कोंडी झाली की पहिल्या तासाला निम्मा वर्ग स्कूलबसमध्येच भरतो.

तरीही वेळापत्रक फाडून टाका म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. आमच्या वाघोलीतही ‘संतुलन’ संस्थेनं दगडखाणीतल्या कामगारांच्या मुलांसाठी खाणीवर पाषाणशाळा भरवल्या. जागा बदलली, शिकवायचं ते शिकवलंच. शिवाय गुरं काही बाईंसाठी थांबत नसणार. तिथं उशीर खपत नाही.

परवा सहावीला ‘कोन’ होता. पूर्वज्ञान तपासतोय, तोच बाहेर गाडी मागे घेतानाचं ते पिपाणीसारखं गाणं वाजलं. टँकर! वाघोली २०२१ साली महापालिकेत गेली, पण टँकर आला की इथली पोरं अजून पाहुणे आल्यासारखी धावतात. अख्खा वर्ग खिडकीत. फळ्यावरचा कोन एकटाच.

‘‘हा एका दमात का वळत नाही रे?’’ मी विचारलं.

‘‘सर, दहा हजारवाला आहे. आमच्या गेटातून पण जात नाही.’’

‘‘मग आता किती वळलाय?’’

‘‘लघुकोन!’’ मागच्या बाकावरून उत्तर आलं. तिथून वर्षभरात प्रथमच काही आलं होतं. खाली क्लीनर टँकरच्या पाठीवर थापा मारत ओरडत होता, ‘‘येऊ दे, येऊ दे... बास!’’

‘‘सर, बास म्हणजे काटकोन,’’ एकानं जाहीर केलं. ‘‘त्याच्यापुढं विशालकोन. मग भिंत पडते.’’

एवढी नेमकी व्याख्या पाठ्यपुस्तकात नाही. सराव सात मिनिटांऐवजी सतरा मिनिटं चालला, स्वाध्याय टँकरबरोबर निघून गेला. आणि दारात मुख्याध्यापिका उभ्या.

‘‘सर, टाचणात टँकर कुठे आहे?’’

‘‘शैक्षणिक साहित्यात, मॅडम.’’

त्यांनी वही मागितली. तिथं ‘कोनमापक, खडू’ एवढंच होतं. मॅडमनी चष्मा वर केला, खिडकीतून एकदा खाली पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आधी लिहीत जा हो. तपासणी आली तर मी काय दाखवू?’’

आता त्या रकान्यात मी रोज लिहितो : ‘कोनमापक, खडू, टँकर (आल्यास)’. सही होते.