चार वाव खाली

मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, होडीच्या शिडीला लटकलेल्या पर्यटकांना पाण्याखाली नेणारी जी पोरं आहेत, त्यांच्याविषयी मला एक संशय आहे. ही पोरं मासे पाहतच नाहीत. खाली काळ्या कातळावर प्रवाळ धरलेलं असतं, पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचे थवे एकाच वेळी वळत असतात, समुद्राने आपलं सगळं वैभव उघडं टाकलेलं असतं. आणि त्याच्याकडे पाठ करून हा गाइड बघत असतो काय, तर काचेआडचे दोन विस्फारलेले डोळे. ते कधी पुण्याच्या बँकेतल्या अधिकाऱ्याचे, कधी कोल्हापूरच्या नव्या नवरीचे, कधी माझ्यासारख्या, पाण्याशी संबंध बादलीपुरता उरलेल्या माणसाचे. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत, खेपेमागून खेप, तो डोळेच वाचत असतो.

त्याला दुसरं वाचायला मिळणार तरी काय? पाण्यात शिरण्याआधी तो आपलं नाक मास्कमध्ये बंद करतो आणि तोंडात रेग्युलेटर देतो. जन्मभर प्रत्येक गोष्टीवर मत दिलेला माणूस त्या क्षणी एकाएकी मुका होतो, आणि त्याच्या मतांचे नुसते बुडबुडे वर जाऊ लागतात. बोलणं हातावर येतं. तिथेही पंचाईत अशी, की पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. आपण तर साध्या चहालाही अंगठा दाखवणारी माणसं. त्यामुळे समुद्र पाहून ज्याला सर्वांत जास्त आनंद होतो, नियमाने त्यालाच सर्वांत आधी वर काढायला हवं. गाइड तसं करत नाही. तो अंगठा पाहतो, मग डोळे पाहतो, आणि हा माणूस घाबरलाय की हरखलाय ते ठरवून बोट आणि अंगठा जुळवून विचारतो, ठीक ना? इतक्या बारकाईने माझ्या डोळ्यांत गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. घरचे पाहतात, पण बहुतेक चष्मा कुठे ठेवलाय ते विचारण्यासाठी.

माझ्या वाट्याला आलेला पोरगा विशीतला होता. शिडीशी त्याने दोनच गोष्टी पुन्हापुन्हा घोकून घेतल्या. श्वास रोखायचा नाही. कान दडपले की नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची. मला गंमत वाटली ती या दोन वाक्यांच्या वयाची. रॉबर्ट बॉइलने दाब आणि हवेच्या आकारमानाचा नियम 1662 साली मांडला. दहा मीटरवर छातीत कोंडलेली हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट जागा मागते, ती त्यामुळेच. दोन वर्षांनी, 1664 मध्ये, इथे महाराजांनी किल्ल्याचा पाया घातला. आणि तटाचं काम चालू असतानाच, 1666 साली, तिकडे इटलीत इमोला गावी आंतोनियो वालसाल्वा जन्मला. कानाचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या या वैद्याचंच नाव त्या नाक दाबण्याला मिळालं आहे. आज त्याच किल्ल्याच्या परिसरात सांगली-साताऱ्याची माणसं रोज त्याच्या नावाने नाक दाबतात, आणि पोरगा इतकंच म्हणतो, “काका, घाबरू नकात, मी आसय.” शास्त्राचा एवढा नेटका गोषवारा मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

मग आपण खाली जातो. म्हणजे नेले जातो. गाइडने मागून आपल्या सिलिंडरची मान धरलेली असते. दिशा त्याची, वेग त्याचा, जॅकेटात हवा किती भरायची तो हिशेबही त्याचा. आपण मात्र पाय हलवत असतो आणि आपणच पोहतोय अशी आपली भाबडी खात्री असते. संस्थानातल्या बालराजाला गादीवर बसवावं, त्याने हुकूम सोडावेत आणि राज्य मागे उभ्या कारभाऱ्याने चालवावं, तसा हा अंमल. चांगला कारभारी राजाला शंका येऊ देत नाही. फोटोसाठी मुद्दाम घातलेला लाल टी-शर्ट चार वावांवर मळकट तपकिरी दिसू लागतो, कारण पाणी तांबडा रंग आधी गिळतं. तो धक्काही तो आपल्याला शांतपणे पचवू देतो. काहीजण पाव टाकून मासे गोळा करतात. मला ते आवडत नाही. हा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यातल्या माशाला बेकरीची सवय कशाला? माझ्या पोराकडे पाव नव्हता. त्याने नुसतं बोट केलं. कातळाच्या फटीत, मला निव्वळ अंधार दिसत होता तिथे, एक भलामोठा गोबरा तोंड उघडझाप करत बसला होता.

ही नजर त्याने कोर्समध्ये कमावलेली नव्हती. घर मासेमारीचं. गोबरा कुठल्या खडपात बसतो ते गरी टाकणाऱ्या आजोबांनी त्याला लहानपणीच सांगितलं होतं, तोंडाला पाणी सुटेल अशा बेताने. तेच आजोबा किनाऱ्यावर जाळं विणत बसले होते. माणसं पैसे देऊन समुद्रात उतरतात, मासे नुसते बघतात आणि हात हलवत परत येतात, हा प्रकार त्यांना अजून उमगलेला दिसत नव्हता. आम्ही ओलेचिंब वर आलो तेव्हा त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “काय गावला?”

“गोबरा पाहिला!” मी म्हणालो.

“केवढो?”

मी दोन्ही हात ऐसपैस पसरले. पाण्याखाली काचेतून सगळं एक तृतीयांश मोठं दिसतं, हे मला सांगितलेलं होतं. पण ज्ञान आणि उत्साह यांची गाठ माझ्या बाबतीत उशिराच पडते. पोरगा मागेच उभा होता. त्याने माझी मनगटं धरली आणि, चार वाव खाली मला सावरलं होतं तितक्याच अलगद, दोन्ही हात थोडे जवळ आणून ठेवले.

आजोबांनी त्या मोजमापाकडे बघितलं. “एवढोच?” म्हणाले, आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.