जगात जर्मनी, मानवतला डोनट

तालुक्याच्या गावात निवृत्त विज्ञानशिक्षकाने करायचं काय, हे कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेलं नाही. वयाची ५८ पूर्ण झाली की तास बंद होतात. तास घ्यायची खोड बंद होत नाही. मग कोणी ज्येष्ठ नागरिक संघात अध्यक्षीय समारोप करत सुटतो, कोणी सप्ताहाच्या वर्गणीचा हिशेब तपासतो, आणि एखाद्याला पुण्यातला मुलगा दिवाळीत एअर फ्रायर आणून देतो.

परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे सर या शेवटच्या प्रकारातले. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण सेलूत, पाथरीत, गंगाखेडला, कुठेही विचारा, याच मापाचे एक सर सापडतील: खोचलेला शर्ट, खिशात दोन पेनं आणि स्वतःचा कोलेस्टेरॉलचा आकडा तोंडपाठ. मानवत रोड स्टेशन गावापासून लांब, त्यामुळे ते खोकं रिक्षात मुलाच्या मांडीवर बसून घरी आलं.

यंत्र १५०० वॅटचं. सरांनी त्याला २३० व्होल्टने भागलं, साडेसहा ॲम्पिअर काढले आणि स्वयंपाकघरातला ६ ॲम्पिअरचा प्लग जागच्या जागी नापास केला. घरात मोठा पॉवर प्लग एकच. तो बैठकीच्या खोलीत, एसीसाठी म्हणून बसवलेला. एसी काही आला नाही. तेव्हापासून एअर फ्रायर टीव्हीशेजारी असतो आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा आपोआप पहिल्या बाकावर बसतो.

पाहुण्याला आधी थिअरी. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, गरम हवा टोपलीभर गरागरा फिरते. म्हणजे नावात फ्रायर असला तरी हा खरा छोटा ओव्हनच. फ्रेड व्हॅन डर वेय या डच माणसाची ही कल्पना फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. बर्लिन म्हटलं की सर मुद्दाम थांबतात. पाहुणा जिल्ह्यातला असेल तर पुढचं वाक्य तोच पुरं करतो: “जगात जर्मनी, भारतात परभणी!” मग सर दुसरा पत्ता टाकतात. मध्ये भोक नसलेला, पोटात जॅम भरलेला डोनट जर्मनीत बऱ्याच ठिकाणी ‘बर्लिनर’ म्हणूनच विकतात. यंत्र तिथे मांडलेलं, पदार्थ तिथला. प्रयोग मानवतला व्हावा यात सरांना काहीच नवल वाटत नाही.

प्रयोगाची वही स्वतंत्र आहे. साहित्य: मैदा २५० ग्रॅम, कोमट दूध, साखर, लोणी, मीठ, चमचाभर यीस्ट. शाळेतून निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला थर्मामीटर दुधात बुडवल्याशिवाय पुढची कृती होत नाही. दूध ३५ ते ४० अंशांच्या मधलं हवं. साठीच्या पुढे यीस्ट मरतं. मे महिन्यात ही अट पाळायला गॅस लागत नाही. परभणीकडचा पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा माणसाचा जीव कासावीस होतो, पण झाकून ठेवलेलं पीठ तासाभराच्या आतच टम्म फुगून बसतं. डिसेंबरात पारा पाच-सहा अंशांवर आला की तेच पीठ गोधडीत गुंडाळून कपाटात जातं. “नातवाला कधी असं गुंडाळलं नव्हतं,” असं सरांच्या पत्नी, म्हणजे बाई, म्हणतात. सरांच्या वहीत याची नोंद नाही.

पीठ अर्धा इंच जाड लाटायचं, स्टीलच्या पेल्याने गोल पाडायचे, अर्धा तास परत फुगू द्यायचे आणि १८० अंशांवर पाच-सहा मिनिटं. ऐकायला सोपं. टोपलीत एका वेळी चारच मावतात, त्यामुळे बारा डोनटांचे तीन तास होतात, म्हणजे शाळेचे तास. एकदा नुसता बटर पेपर ठेवून यंत्र आधी तापवायला लावलं, तर पंख्याने तो कागद उचलून थेट कॉइलवर नेला. धूर झाला. सरांनी हवेच्या अभिसरणावर दहा मिनिटं सांगितलं, मग खिडकी उघडली.

पोट भरायची कृती मात्र बघण्यासारखी. डोनटाच्या कुशीत विणकामाची सुई खुपसून आत पोकळी करायची, दुधाची धुतलेली पिशवी कोपऱ्यात कातरून तिच्यातून सारण दाबायचं. पहिल्या वेळी सर्वांत मोठ्या डोनटाने सगळं सारण मागच्या बाजूने परत केलं.

तेल हा सरांचा जिव्हाळ्याचा विषय. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये घरातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करा म्हटलं, तेव्हा सरांनी त्यात स्वतःचं कौतुक ऐकलं. फिरायच्या ग्रुपातल्या कापसाच्या अडत्याला हे पटलं नाही. “सर, सगळ्यांनी तेल सोडलं तर आमच्या सरकीला कोण विचारील?” खरा घाव मात्र घरातूनच आला. वरून लोण्याचा हात फिरवल्याशिवाय डोनटाला रंग चढत नाही, साखर चिकटायला पुन्हा लोणी लागतं, आणि सारणाच्या चॉकलेट स्प्रेडची बाटली बाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचली: साखर, पाम तेल… “अहो, तेलच लिहिलंय की यात.” त्या दिवसापासून सारण घरचं: गुलकंद, आंब्याचा जॅम आणि होळीनंतर उरलेलं पुरण. पुरणाचा डोनट चांगला लागतो, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं.

तरी गावाचं मत ठाम आहे: हा पाव आहे. यात तथ्य आहे. तेलात डोनट अर्धा बुडून तरंगतो, तेलाची उष्णता भराभर आत शिरते, बाहेर पापुद्रा धरतो आणि कमरेला तो फिकट पट्टा राहतो. हवेला तेवढी धग पोचवता येत नाही. हे कारण सरांना गावापेक्षा जास्त नीट कळतं, म्हणून ते चिडत नाहीत. परत पीठ मळतात.

गेल्या ३१ डिसेंबरला त्यांना कुठूनसं कळलं की जर्मनीत त्या रात्री जॅमच्या डोनटांत एखादा मोहरीच्या चटणीचा घुसडून गंमत करतात. सरांनी बारांपैकी एकात हिरव्या मिरचीचा ठेचा भरला आणि सकाळी डबा फिरायच्या ग्रुपापुढे धरला. सगळ्यांनी खाल्ले. कोणी ओरडलं नाही, पाणी मागितलं नाही. सर एकेकाचा चेहरा वाचत राहिले. शेवटी अडत्याने मिशी पुसली आणि म्हणाला, “सर, आज जमला बघा तुमचा डोनट. अजून एक आहे का असाच?”