लग्नाला जाणं हे काम आहे

लग्नाला गेलेला माणूस मजा करायला गेला, असं घरी राहिलेल्यांना वाटतं. नेर तालुक्यातलं मे महिन्यातलं एखादं लग्न नीट न्याहाळलं, तर हा गैरसमज भर दुपारच्या आत उतरतो. कापूस विकून झाला, तूर निघाली, वावरं रिकामी झाली आणि मृगाला अवकाश आहे, अशा फटीत इथल्या कितीतरी तिथी बसवलेल्या असतात. नेमक्या त्याच फटीत यवतमाळ जिल्ह्याचा पारा 44 अंशांकडे सरकतो. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, एसटीत उभ्याने येऊन, दुसऱ्याच्या पोराचं लग्न लागायची वाट पाहत कूलरसमोरच्या खुर्चीसाठी झगडणाऱ्याला मौज करतोय म्हणणं हा त्याच्या घामाचा अपमान आहे. माझं म्हणणं एवढंच, की पाहुणा हा लग्नातला प्रेक्षक नाही, बिनपगारी कामगार आहे. तो नसेल तर नवरा-नवरी एकमेकांचे होतात, पण लग्न होत नाही.

कायद्याला पाहुण्यांची फारशी गरज नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याला तीन साक्षीदार पुरतात. 1955 चा हिंदू विवाह कायदा म्हणतो, की सप्तपदीची रीत असेल तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. आणि गंमत अशी, की ते सातवं पाऊल पडतं तेव्हा बहुतेक वऱ्हाड पंगतीत आलू-वांग्याच्या भाजीला ‘थोडा रस्सा वाढा’ म्हणत असतं. कायदेशीर क्षणाला गैरहजर राहणारी ही मंडळी मग हजर कशाला असतात? तर अक्षतांना. तिथे त्यांची मेहनत पाहावी. मागच्या रांगेतून फेकलेले तांदूळ मांडवाच्या अर्ध्यातही पोचत नाहीत. ते पुढच्या माणसाच्या कॉलरमधून आत जातात. त्याने फेकलेले त्याच्या पुढच्याच्या टोपीवर. नवरा-नवरीच्या डोक्यावर पहिल्या दोन रांगांचेच आशीर्वाद पडतात, मधल्या रांगांचा मात्र दर लग्नात नव्याने उद्धार होतो. तरीही मंगलाष्टक संपेपर्यंत मूठ राखून ठेवणं, सनईच्या आधी हात रिकामा न करणं, ही शिस्त कुणी शिकवलेली नसते.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. नायजेरियातल्या योरुबा लग्नात तर पाहुण्याला गणवेशच असतो. घरच्यांनी ठरवलेलं कापड, ज्याला ‘अशो एबी’ म्हणतात, ते बहुधा त्याने स्वतःच्या पैशाने घ्यायचं, शिवून घालून यायचं. तिथे नवरदेव मित्रांसह नवरीकडच्या थोरांपुढे चक्क पालथा पडून नमस्कार घालतो. समारंभ चालवणाऱ्या बाया त्याची फिरकी घेत त्याच्या गोटातून पैसे काढतात. आणि नाचणाऱ्या जोडप्याच्या अंगावर पाहुणे नोटा उधळतात. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या 2007 च्या कायद्यात नोटा अशा उधळण्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. तरी उधळण चालू आहे, कारण पाहुण्याला आपलं काम सरकारपेक्षा जास्त कळतं. आपण इतके उघडेवाघडे नाही. आपण नोट पाकिटात घालतो, वर एक रुपया चिकटवलेलाच असतो, आणि मांडवाच्या तोंडाशी वही घेऊन बसलेल्या काकांना नाव गाव सांगून देतो. ते चष्मा कपाळावर चढवून विचारतात, ‘नेरचे का परसोपंतचे?’ दोन्ही एकच हे त्यांनाही माहीत असतं, पण वही चोख हवी. उद्या पाहुण्याच्या पोरीचं लग्न निघालं की हीच वही उघडणार, आणि 251 ला 251 जाणार नाही, महागाई धरून 501 जाणार. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापलेलं असलं तरी वहीवाले काका रजेवर गेले असं सहसा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, लोक फुकटचं जेवायला येतात. येण्याजाण्याचं भाडं, पाकीट, बुडालेली मजुरी आणि उन्हाने चढलेला ताप यांची बेरीज केली, तर त्या बुंदीला सोन्याचा भाव पडतो. दुसरा आक्षेप करोनाचा: एप्रिल 2021 मध्ये राज्याने पंचवीस माणसांत आणि दोन तासांत लग्न उरकायला लावलं, तेव्हा काय अडलं? अडलं काहीच नाही. पण बंधनं उठल्यावर कितीतरी घरांनी राहिलेली जेवणावळ घातली; झालेलं लग्न पुन्हा लोकांच्या तोंडून ऐकायचं होतं ना!

तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला थट्टेने उडवता येत नाही. ज्या जिल्ह्यात कर्जाने शेतकरी गेले, तिथे लग्नाच्या खर्चाचं समर्थन करू नये. मी करत नाही. सामुदायिक विवाहाच्या मांडवात वीस-पंचवीस जोडपी एकदम उरकली तरी पाहुणे आपल्या जोडप्याकडेच नेम धरतात, म्हणजे काम तेच, खर्च कमी. कर्ज पाहुण्याने होत नाही. डीजे, ड्रोन आणि गुलाबी धुराने होतं, आणि यांतलं एकही पाहुण्याने मागितलेलं नसतं. त्याने मागितला होता फक्त रस्सा. आता बुफे आल्यापासून तोही त्याने स्वतः रांगेत उभं राहून, एका हातात ताट धरून वाढून घ्यायचा असतो.