ऑर्डर पितरांची, डिलिव्हरी देवीची

नवा फोन घ्यायचाय असं आमच्या घरात कुणी सांगत नाही. आधी जुन्या फोनची तब्येत बिघडते. "बॅटरी फार उतरते हल्ली" हे पहिलं लक्षण. दोन दिवसांनी "फोटोत पूर्वीचा दम राहिला नाही". मग एका सकाळी नवरा चहाचा कप बाजूला सारतो आणि, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणतो, "घ्यायचाच असं नाही, पण समजा घ्यायचा झाला, तर कुठून घ्यावा?"

खरेदी तिथेच उरकली. 'कशाला घ्यायचा' हा प्रश्न उंबऱ्याबाहेर चपलांपाशी उभा राहतो आणि 'कुठून' आत येऊन पाटावर बसतो. पुढचे तीन आठवडे त्याचीच सरबराई.

२०२५ च्या ९ सप्टेंबरला रात्री साडेदहाला ॲपलने नवे फोन दाखवले. घरी परीक्षेचे पेपर तपासायला दहानंतर ज्याच्या मदतीची अपेक्षा ठेवता येत नाही, तो माणूस त्या रात्री बारापर्यंत ताठ बसून होता. प्रो त्या वर्षी नारिंगी रंगात आला. कंपनीने त्याचं नाव 'कॉस्मिक ऑरेंज' ठेवलं होतं. आपल्याकडे सकाळच्या दुधाबरोबर तो 'भगवा' झालेला होता. किंमत १,३४,९०० रुपये. नवरा म्हणाला, "रंगाचं मला काही नाही, पण घ्यायचा तर तोच."

१२ तारखेपासून बुकिंग, १९ पासून फोन हातात. त्याने कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल केले आणि सासूबाईंनी चष्मा पुसून तेच कॅलेंडर पाहिलं. ८ ते २१ सप्टेंबर पितृपक्ष.

"पक्ष पंधरवड्यात नवी वस्तू घरात यायची नाही," त्या म्हणाल्या. विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता.

ॲपलच्या मुख्यालयात कुणी दाते पंचांग ठेवत नाही हे उघड आहे. २०२४ सालीही आयफोन १६ बाजारात आला तो २० सप्टेंबरला, पितृपक्षातच. पण ज्या घरात सव्वा लाखाच्या वर खर्च करायचं ठरलेलं असतं, तिथे शास्त्रार्थालाही धार येते. नवऱ्याने मुद्दा काढला: ऑर्डर म्हणजे खरेदी, की डिलिव्हरी म्हणजे खरेदी? ऑर्डर पक्षात दिली आणि डब्बा घटस्थापनेला उघडला, तर दोष कुणाला? सासूबाईंनाही हे नवीन होतं. शेवटी गुरुजींना फोन लावला. स्पीकरवर.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पैसे रोख देताय की हप्त्यानं?"

"हप्त्यानं."

"पहिला हप्ता कधी?"

"ऑक्टोबरात."

"मग वस्तू तुमची झालीच कुठे? ती बँकेची. बँकेला पितृपक्ष नसतो."

एवढा सुटसुटीत निर्णय मी धर्मशास्त्रात तरी वाचलेला नाही. पण तो मिळेपर्यंत भगवा संपला होता. वेबसाइट म्हणत होती, तीन आठवडे थांबा. निळा लगेच मिळत होता, पांढरा लगेच मिळत होता. फोनने करायचं ते सगळं दोघेही करत होते. मी एकदाच सुचवून पाहिलं. त्यावर घरात जी शांतता झाली तिचं वर्णन करत नाही.

आता 'कुठून' मोकळं सुटलं.

पहिला दरवाजा अर्थातच ऑनलाइन. 'जुना फोन द्या, ५५,००० पर्यंत सूट मिळवा.' मी शाळेत मराठी शिकवते. सातवीच्या वर्गाला शब्दयोगी अव्ययं शिकवताना 'घरापर्यंत', 'गावापासून' अशी उदाहरणं देते. ती बदलायला हवीत. आपला सगळा बाजार सध्या या दोन अव्ययांवर उभा आहे. सूट नेहमी 'पर्यंत', हप्ता नेहमी 'पासून'. आपण आकडा वाचतो, दुकानदार अव्यय वाचतो. ५५,००० पर्यंतमध्ये नवऱ्याच्या तीन वर्षं जुन्या फोनचे आले ९,४००. तेही 'पर्यंत'च, कारण मागल्या खेपेचा अनुभव ताजा होता. डिलिव्हरीवाला मुलगा दारात उभा राहिला, कव्हर काढायला लावलं, फोन उन्हाकडे तिरका धरला आणि डॉक्टर एक्सरे बघतात तसा 'हं' म्हणाला. "काका, कोपऱ्याला डाग आहे. दोन हजार कमी होतील." डाग आम्हाला दिसेना. "माझ्या ॲपमध्ये दिसतोय," म्हणाला. नवा फोन त्याच्या हातात, जुना त्याच्या हातात, जिन्यात शेजारचे आजोबा उभे. भाव करणार कोण?

शिवाय एक्स्चेंजमध्ये एक कौटुंबिक अडचण आहे, तिच्याबद्दल कुठलंच दुकान बोलत नाही. आमच्याकडे फोन वरून खाली वाहतो. नवा नवऱ्याला. त्याचा जुना मला. माझा सासूबाईंना. सासूबाईंचा शोकेसच्या खणात, जिथे आधीचे तीन चार्जरशिवाय विश्रांती घेत आहेत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी खोक्यातून फोन काढलाय एकदाच, तोही नवऱ्याचा, त्याचे हात ओले होते म्हणून. तेव्हा त्या ९,४०० रुपयांत तो विकायला काढत होता तो माझा फोन होता. मी एवढंच म्हटलं की, मग माझ्यासाठीही एक नवा बघ. एक्स्चेंजचा विषय त्याच संध्याकाळी बंद झाला.

दुसरा दरवाजा अमेरिका. नणंदेचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. "मामा, इथे १,०९९ डॉलरला आहे, डिसेंबरात येतोय, आणतो." मामाने डॉलर ८८ रुपये धरला: ९६,७०० आणि वर थोडे. अडतीस हजार वाचले! त्या आनंदात रात्री श्रीखंड आणलं. पितृपक्षात श्रीखंड चालतं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. तिकडे किंमत सांगतात ती करावाचून. भाच्याच्या गावी विक्रीकर नऊ टक्क्यांच्या आसपास, तो धरून झाले १,०५,४००. विमानतळावर तेव्हाच्या बॅगेज नियमांत सूट होती ५०,००० ची. वरच्या रकमेवर ३५ टक्के जकात आणि जकातीचा दहावा हिस्सा अधिभार. म्हणजे आणखी एकवीस हजार. राहिले किती? आठ. श्रीखंड वजा जाता त्याहून थोडे कमी. "पण खिशात घालून आणला तर कोण विचारतंय," नवरा म्हणाला. हाच माणूस सिग्नल तोडणाऱ्यांविरुद्ध वर्तमानपत्रात पत्रं लिहितो.

आणखी एक गंमत. २०२२ पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमचा कप्पाच नसतो, सगळं ई-सिम. आणि आमच्याकडे सिम काढून दुसऱ्या फोनात घालणं हाच तर हस्तांतराचा विधी. त्यासाठी सासूबाईंच्या कानातल्याची तारसुद्धा ठरलेली आहे. तिसरी गंमत सगळ्यात मोठी. हे फोन भारतातही जुळवले जातात, तमिळनाडूत होसूरला कारखाना आहे. म्हणजे होसूरचा फोन समुद्र ओलांडून कॅलिफोर्नियाला जाणार, तिथून भाच्याच्या खिशातून पुण्याला येणार, आणि आम्ही त्याला इम्पोर्टेड म्हणणार. होसूरहून पुण्याला एसटी नसेल, पण रस्ता आहे.

मधल्या काळात 'थांबावं का' अशी एक झुळूक येऊन गेली. ती मीच सोडली होती. २०१६ साली सॅमसंगचा नोट ७ हौसेनं पहिल्याच महिन्यात घेणाऱ्यांचे फोन पेट घेऊ लागले. विमानात तो सुरू करायला बंदी झाली आणि दोन महिन्यांत कंपनीने तो कायमचा बंद केला. पहिल्या आठवड्यातलं गिऱ्हाईक म्हणजे पैसे भरून तपासनीस झालेला माणूस. आणि वर्षभरापूर्वी १,१९,९०० ला आलेला प्रो आता दसऱ्याच्या सेलमध्ये कुठल्या भावाला चाललाय ते बघ, म्हटलं. त्याने पाहिलं. हळहळला. म्हणाला, "बरं झालं तेव्हा घेतला नाही. बघ किती वाचले." वाचलेल्या त्या पैशांच्या जोरावर आता हा घ्यायचा होता.

२२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी होणार म्हणून त्याने दोन दिवस आणखी काढले. एसी उतरले, मोठे टीव्ही उतरले. फोन १८ टक्क्यांवर होता तो तिथेच राहिला. त्याच्यावरचा कर १२ चा १८ झाला तो दिवसही १ एप्रिलच होता, २०२०.

हप्त्यांबद्दल दोनच ओळी, कारण गुरुजींनी सांगायचं ते सांगितलंच आहे. 'नो कॉस्ट'मध्ये बँक व्याज लावते, दुकान तेवढी सूट आधी दाखवतं, आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी व प्रोसेसिंग फी मुकाट्याने आपल्या स्टेटमेंटवर येऊन बसतात. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलं होतं. बँकांनी ऐकलं. शब्द बदलला.

१९ तारखेला मुंबईत बीकेसीच्या ॲपल स्टोअरबाहेर रात्रीपासून रांग लागली आणि सकाळी तिच्यात हाणामारी झाली. तो व्हिडिओ नवऱ्याने मला तीनदा दाखवला. "लोकांना काही कामधंदे नाहीत." दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तो कोरेगाव पार्कच्या नव्या स्टोअरमध्ये नुसतं बघून यायला गेला. ते त्याच महिन्यात, ४ तारखेला उघडलं होतं. दीड तास नुसतं बघितलं. टेबलावरचा भगवा उचलून वजन पाहिलं, मलाही वजन पाहायला लावलं, माझा फोटो काढला, खोडला. तिथल्या मुलाने इतक्या अदबीनं विचारलं की खरेदी न करता बाहेर पडताना मलाच अपराधी वाटलं. नवरा मात्र प्रसन्न. हाताळायचा इथे आणि घ्यायचा तापकीर गल्लीत, हे त्याचं घरून ठरलेलं.

तापकीर गल्ली. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास वायर, बल्ब, स्पीकर आणि मोबाइल यांचा जो गुंता आहे तो. घटस्थापनेनंतरच्या बुधवारी आम्ही एका दुकानात उभे होतो. दुकान म्हणजे चार फूट काउंटर.

"भगवा आहे?"

मालकाने वर न बघता विचारलं, "बिलात की बिनबिलात?"

बिनबिलाचा स्वस्त. बिलाचा छापील किमतीला, आणि भगवा म्हणून वर सात हजार. छापील किमतीच्या वर? "साहेब, ते सात कव्हर आणि टफनचे." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बिल. बिनबिलाचा फोन वैध आहे का ते तपासायला सरकारने सोय केली आहे: 'केवायएम' आणि पुढे पंधरा आकडी आयएमईआय लिहून १४४२२ ला एसएमएस करायचा. मी हे मोठ्यांदा म्हटलं, तेव्हा मालकाने पहिल्यांदा वर बघितलं. सातावरून गाडी साडेतीनावर आली. माझ्या एकोणीस वर्षांच्या संसारातला हा सर्वांत महागडा एसएमएस, आणि तो मी पाठवलाही नव्हता.

मग डब्बा फुटला. खरा सोहळा पुढे होता. काउंटरच्या टोकाला विशीतला एक मुलगा बसला होता, त्याच्याकडे फोन गेला. त्याने काच ओल्या पुसणीने पुसली, कोरड्या पुसणीने पुसली, निळ्या चिकटपट्टीने धुळीचा एकेक कण टिपला. श्वास रोखून टफन सोडलं. ते मधून पसरत कडेला गेलं. एक बुडबुडा राहिला, डाव्या कोपऱ्यात, मोहरीएवढा. त्याने खिशातून कुठल्याशा मंगल कार्यालयाचं जुनं व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि त्याच्या कडेने तो बुडबुडा हळूहळू, रेटत रेटत, बाहेर घालवला. पंधरा दिवस चाललेल्या या प्रकरणात मला पटलेलं काम एवढंच. शंभराची नोट मी त्याला वेगळी दिली.

"कव्हर कुठलं लावू?" त्याने विचारलं.

"मजबूत," नवरा म्हणाला. "पडला तर संपलं."

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, आमच्याकडे पाटावर सगळी आयुधं मांडतात. माझी लाल पेनं, मुलीचा कंपास, पक्कड, शिवणयंत्राची कात्री. मध्यभागी नवा फोन. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. सासूबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले, चष्मा पुढे ओढून पाटाकडे नीट पाहिलं.

"अरे," त्या म्हणाल्या, "एवढे दिवस थांबलास, आणि सणाला काळा घेऊन आलास?"