साडूंची सफारी

माझे साडू बोट्स्वानात असतात. गाबोरोनमध्ये एका कंपनीचे हिशेब बघतात, पण सुट्टीत इकडे आले की अंगात आठ खिशांचा खाकी शर्ट आणि तोंडात ओकावांगो. त्यांच्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे : समोर मेलेला भलामोठा रानरेडा आणि त्याच्या शिंगावर साडूंचा हात. रेडा टेक्सासहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं मारला. बंदूक त्याची, परवान्याचे लाखो रुपयेही त्याचेच. साडूंनी फक्त शिंग धरलं. फोटोतून टेक्सासवाला कापलेला आहे.

माझी शिकारीची कारकीर्द झुरळापाशी संपते. त्यातही हल्ली घेर असा वाढलाय की मी चप्पल घेऊन वाकेपर्यंत झुरळ संसार थाटून बसतं. त्यामुळे गुहागरला जायचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर व्याडेश्वर, मोदक आणि वामकुक्षी एवढंच होतं. व्याडेश्वर झाला, गोपाळगडाचा तट झाला, समुद्रात पाय बुडवून झाले. तेवढ्यात कुणीतरी साडूंच्या कानात घातलं, की दाभोळच्या खाडीत होडीतून मगरी दाखवतात.

"गाइडेड?" त्यांनी विचारलं.

"होडीवाला असतो," मी म्हणालो.

होडीवाले दादा साठीचे, बोलणं मोजकं. मगरी बघायच्या तर ओहोटीला. पाणी उतरलं की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि थंडीच्या दिवसांत त्या ऊन खायला वर येतात. पद्धत उत्तम आहे. फक्त मगरीला मानवणारी ओहोटी होडीला मानवत नाही.

तिवरांच्या मुळांशी मगर दिसली, जबडा वासून पडलेली. "हल्ल्याचा पवित्रा!" साडू कुजबुजले. "तापली की तोंड उघडते," दादा म्हणाले. साडूंना जबड्याच्या आतला फोटो हवा होता. अजून जवळ, अजून जवळ. दादांनी पाण्याकडे बघून मान हलवली.

"अहो, ओकावांगोत आम्ही हत्तीच्या इतके जवळ..."

"हितं हत्ती नाय, सायेब. हितं पानी पन नाय."

आणि होडीचं बूड चिखलात टेकलं.

दादांनी बांबू रोवून रेटून पाहिलं. मग दोघांनीही माझ्या पोटाकडे पाहिलं. मी श्वास आत घेतला, होडी हलली नाही. तेव्हा साडू ढकलायला म्हणून खाली उतरले. दादा "नको, नको" म्हणेपर्यंत मांडीपर्यंत आत! काखेत हात घालून वर ओढलं, तेव्हा त्यांचा एक सफारी बूट खाडीनं ठेवून घेतला होता. मगरीनं डोळाही हलवला नाही.

"आता?"

"भरती आल्याशिवाय होडी हलनार नाय."

सहा तास ओहोटी, सहा तास भरती हे शाळेत घोकलं होतं. इथे निम्मी ओहोटी अजून उतरायची होती, म्हणजे ती सगळी उतरणार आणि मग तेवढंच पाणी परत चढणार. साडू पडले हिशेबाचे. त्यांनी बेरीज पुन्हा पुन्हा केली, उत्तर तेच.

मुक्कामी एव्हाना मोदकांना वाफ येत असणार. आणि इकडे साडू : बोट्स्वानानं 2014 साली शिकार बंद केली, 2019 साली परत उघडली, एका हत्तीमागे किती डॉलर... माझी भूक बोलू लागली. "कोल्हापूरच्या महाराजांनी तुमच्या आफ्रिकेतून चित्ते आणवले होते, काळविटांवर सोडायला. मारायचं काम चित्त्यांचं, नाव महाराजांचं. तुमची परंपरा जुनी आहे हो!"

साडू गप्प. मी आणखी बोललो असतो, पण दादांनी हात वर केला. चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या, त्यातली एक मगरीच्या शेपटीवर चढून पुन्हा खाली उतरली.

"मादी हाय ती. माझी किती जाळी फाडली हिनं, लय शिव्या घातल्या. वरनं कारखान्यांचं पानी यायला लागलं, मासळी गेली. आता हिला दावून घर चालतं." मग म्हणाले, "उन्हाळ्यात काठावर खड्डा काढून अंडी घालते. पिल्लं बाहेर आली, की तोंडात धरून पान्यात नेते."

"त्या जबड्यात?"

"त्याच."

साडूंनी मोबाइल खिशात ठेवला. बराच वेळ तिघांपैकी कुणीच बोललं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं मगरीला मारणं गुन्हा आहे. तिनं आपल्याला मारलं तर काय, याबाबत कायदा मोघम आहे.

दुपार कलली तशी होडी डुलू लागली. हुशारी येताच साडूंनी मला ओकावांगोचं आमंत्रण दिलं. तिथे अंगोलातला पाऊस महिन्यांनी, ऐन कोरड्या दिवसांत, पूर होऊन पसरतो. भरती-ओहोटीची कटकट नाही, कारण ती नदी समुद्राला मिळतच नाही.

"मंग पानी जातं कुठं?" दादांनी इंजिनाच्या दोरीवरचा हात काढला.

"बहुतेकाची वाफ होते. बाकीचं वाळवंटात जिरतं."

"समुद्राला मिळतच नाय?" दादा धक्क्याला लागेपर्यंत अधूनमधून हेच विचारत राहिले.

साडू आता गाबोरोनला परतलेत. परवा त्यांनी दादांना फोन करून बुटाची चौकशी केली. फार महागाचा होता म्हणे.

"ओहोटीला या," दादा म्हणाले, "शोधू."