घरात असतंच की!

तुमच्याही कॉलनीत हा गृहस्थ असणारच. शाळांना दिवाळीची सुट्टी लागलेली असते, आईबाप मोबाइल लपवायला जागा शोधत असतात, तेवढ्यात हा फाटक वाजवतो. "पोरांना पाठवा. सुगंधी तोरण करायचंय." आमच्या नंदुरबारच्या कॉलनीत त्यांना आप्पा म्हणतात. निवृत्त चित्रकला शिक्षक. खर्च विचारलात तर उत्तर ठरलेलं: "कसला खर्च? सगळं घरात असतंच की!"

घरात म्हणजे आमच्या घरात. धुळ्यापासून नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा निघाला. पण घरं वेगळी असली की डबेही वेगळे असतात, हे आप्पांना अजून मान्य नाही.

यंदाचा उपक्रम त्यांना मोबाइलवर सापडला. परदेशात नाताळात मुलं दालचिनीची पूड सफरचंदाच्या शिजवलेल्या गरात मळतात, पोळीसारखी लाटतात, चांदण्या कापतात, दोऱ्यासाठी भोक पाडतात आणि दोन-तीन दिवस वाळवतात. पूड ओलावा ओढून घेते, चांदणी कडक होते आणि पुढे कितीतरी दिवस वास देते. आप्पांना एकदम पटलं. फक्त नाताळाच्या जागी दिवाळी, झाडाच्या जागी दाराची चौकट आणि सफरचंदाच्या जागी शहाद्याकडची पपई. "सफरचंद कशाला? पपई घरात असतेच की!"

राहिली दालचिनी. वाटीभर! आमच्याकडे पुलावात एक काडी पडते आणि तीही जेवताना ताटाच्या कडेला काढली जाते.

तरीही पोरं निघाली. एकाने मसाल्याचा अख्खा डबाच उचलून आणला. एकीने आजीचा वर्षभराचा काळा मसाला आणला. त्यात दालचिनी असते, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. तिसऱ्याला काहीच सापडेना, तेव्हा रंग जुळतोय म्हणून त्याने लाल तिखट आणलं. नंदुरबारात घरात मीठ नसेल, तिखट असणारच. मिरचीच्या बाजारात गुंटूरमागोमाग आमचं नाव घेतात. हंगामात गावाबाहेरच्या पथारींवर नजर पोचेल तिथपर्यंत मिरची वाळत असते, आणि वारा फिरला की पाहुणे शिंकतात. आम्ही बोलणं चालू ठेवतो. आप्पांनी ते तिखट पिठात कालवलं. पाचव्या मिनिटाला पहिल्या पोराने डोळे चोळले, मग सगळ्यांनीच. "धुवा, धुवा! पाणी घरात असतंच की!" नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या कॉलनीत हे वाक्य बोलायला धाडस लागतं.

पपईने उरलंसुरलं पूर्ण केलं. गच्चीवर वाळत घातलेल्या चांदण्या सकाळी चालायला लागल्या होत्या. खालून मुंग्या होत्या.

पथारीवर मिरची खुडायला सातपुड्यातून आलेल्या एका बाईचा मुलगा रोज भिंतीवर बसून हे सगळं बघायचा. आप्पांनी त्यालाही हाक मारली. "ये रे! जा, घरून दालचिनी घेऊन ये."

"घर धडगावला आहे," तो म्हणाला.

आप्पांकडे यावर काही वाक्य नव्हतं. संध्याकाळी ते मला किराणा दुकानात दिसले. दालचिनीचा भाव ऐकून एकदा चष्मा पुसला, मग पाव किलो घेतली. दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं, घरात पडलेली होती. मी त्यांचं स्वयंपाकघर पाहिलंय. वहिनी गेल्यापासून तिथे चहा, साखर आणि खारी असते. एक मुलगा सुरतला, एक पुण्याला. दिवाळीला येतो म्हणतात आणि व्हिडिओ कॉल करतात. त्या फळीवर पाव किलो दालचिनी पडलेली असणं शक्यच नाही. मी काही बोललो नाही. त्या माणसाने माझे दोन डबे बुडवलेत, तरी नाही बोललो.

तो मुलगाही रिकाम्या हाताने आला नाही. आईच्या गाठोड्यातली मूठभर वाळलेली मोहाची फुलं त्याने आणली. आप्पांनी ती भिजवून वाटली, त्यात दालचिनी मळली आणि गोळा असा चिकट जमला की पपईची आठवणही कोणी काढली नाही. या खेपेला आप्पांनी ताटांवर जाळी टाकली. चांदण्या कडक वाळल्या. वास मात्र असा, की पाडव्याला दारावरून जाणारे दोन सद्गृहस्थ थबकले आणि आत कोण बसलंय म्हणून डोकावून गेले. आप्पांनी त्यांना फराळाला बसवलं. फराळ आमच्याकडून आला होता.

आता होळीला पळसाच्या फुलांचा रंग करायचा बेत आहे. पळस रानातला, तेव्हा डबे वाचले, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, फुलं उकळणार कशात? मी आमचं सगळ्यात मोठं पातेलं माळ्यावर टाकून आलो. काल बघतो तर तिने ते उतरवून, घासून ओट्याखाली ठेवलंय. वर झाकणसुद्धा.