चढ आहे का हो पुढे?

समुद्राकाठचा रस्ता सपाट असतो, अशी समजूत ज्यांनी समुद्र नकाशातच पाहिला त्यांची असते. नकाशात गुहागर ते रत्नागिरी ही निळ्या रंगाला चिकटून गेलेली गोजिरवाणी रेघ दिसते. ती पाहून पुण्यातला माणूस हुरळतो, सायकलमध्ये हवा भरतो आणि डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे गुहागरच्या नारळी-पोफळीतून ऐटीत बाहेर पडतो. ऐट पालशेतपर्यंत टिकते.

कोकणात समुद्रालगत सपाटी दोनच ठिकाणी आहे. एक पुळणीवर आणि दुसरी सड्यावर. पुळणीत सायकल रुतते आणि सडा शंभर-दीडशे मीटर उंच असतो. या दोहोंच्या मधे जे उरतं, त्यावर बांधकाम खातं डांबर ओततं.

जांभ्याचा हा सडा अखंड असता तरी चाललं असतं. एकदा काय त्या धापा टाकून वर गेलो की थेट मालवणपर्यंत वरूनच समुद्राकडे बघत जाता आलं असतं. पण पूर्वेकडच्या डोंगरातून निघालेल्या नद्यांना समुद्र गाठायची कोण घाई! वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, प्रत्येकीने आपापल्या जागी सडा चिरून खाडी केली. खाड्या कमी पडल्या तर हाताशी असावेत म्हणून वहाळ आणि पऱ्येही आहेतच. त्यामुळे रस्ता पालशेतला उतरतो, चढतो. वेळणेश्वरला उतरतो, चढतो. हेदवीला उतरतो. गावं सगळी खालीच, कारण गोडं पाणी खाली, आगरं खाली, होड्या लागायची जागा खाली. वर नुसता कातळ. कातळावर राहून माणसाने खायचं काय, असा विचार आपल्या पूर्वजांनी केला. पुढे वंशजांपैकी काही जण सायकली घेऊन येतील हा विचार केला नाही. हेदवीचा दशभुज गणपती तेवढा टेकडीवर बसला आहे, आणि त्याला रस्त्यावरूनच हात जोडण्याची पद्धत सायकलवाल्यांमध्ये हळूहळू रूढ होते आहे.

तर अशा रस्त्यावर माणूस थोड्याच वेळात एकाच प्रश्नाचा धनी होतो. भेटेल त्याला तो विचारतो, ‘चढ आहे का हो पुढे?’

या प्रश्नाचं उत्तर रस्त्यावर अवलंबून नसतं. सांगणाऱ्याच्या बुडाखाली काय आहे, त्यावर असतं. मोटारसायकलवरचा पोरगा म्हणतो, ‘छे हो काका, काही नाही. मस्त रस्ता आहे.’ तो खोटं बोलत नसतो. त्याच्या आयुष्यातले सगळे चढ त्याच्या उजव्या मनगटाने चढले आहेत. मोटारीत बसलेल्यांना तर विचारूच नये. ते काच खाली करतात, एकमेकांकडे बघतात आणि ‘गणपतीपुळ्यात पार्किंग मिळतं का?’ असं आपल्यालाच विचारतात. टपरीवाला ‘आहे जरासा, संपतो लगेच’ म्हणतो. यातलं ‘लगेच’ रिक्षाचं असतं. एसटीचा ड्रायव्हर माणूस सच्चा, पण त्याचं माप वेगळं. ‘सेकंडला टाकायला लागते,’ असं तो गंभीरपणे सांगतो. हे वाक्य ऐकलं की मी उतरून पाणी पितो, बिस्किट खातो आणि घरच्यांची आठवण काढतो.

खरं उत्तर मिळतं ते डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या आजींकडून. हेदवीच्या पुढे अशा एक आजी भेटल्या. गडग्याला मोळी टेकवून उभ्या होत्या. माझा प्रश्न त्यांनी नीट ऐकून घेतला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘हाय चढण. पयली सोसते. वळणावर वड हाय, थितं बसा. वडाच्या पुढं छातीवर येते. थितं बोलू नका कुनाशी. मंग सडा.’

आमच्यातला एक जण इंजिनिअर आहे, म्हणजे आम्ही पुण्याचे आहोत. त्याच्या हँडलवर छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो. त्यात चढाचे टक्के, उंची, वेग, हृदयाचे ठोके असं सगळं दिसतं. दहा टक्के म्हणजे आडवं शंभर मीटर गेलं की उभं दहा मीटर वर, हे त्याने आम्हाला चढावरच समजावून सांगितलं होतं, म्हणजे आम्हाला उलट बोलता येत नव्हतं तेव्हा. पण त्या यंत्रात वड नव्हता. दम कुठे लागेल, सावली कुठे मिळेल आणि तोंड कुठे मिटायचं, हे तिन्ही सांगणारं उपकरण अजून बाजारात आलेलं नाही. आजींचं एकूण एक खरं ठरलं. वडाच्या पुढे इंजिनिअरही गप्प झाला.

निघताना आजींनी मला एक प्रश्न विचारला. माझ्या गुडघ्यापर्यंतच्या, घट्ट, गादी शिवलेल्या विजारीकडे बघत त्या म्हणाल्या, ‘हे आतले कपडे की भायरचे?’ याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

सायकलबद्दलचे प्रश्न त्या मानाने सोपे. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, हे लोक एकेक बोट मोडत मोजतात आणि मग किंमत विचारतात. किंमत सांगताना एक शून्य खाली ठेवायचं असतं. तेवढी खोटी किंमत ऐकूनही तवसाळच्या धक्क्यावरच्या एकाने हळहळून विचारलं होतं, ‘आणि हे सामान नंतर देणार आहेत का?’

तवसाळहून जयगडला फेरीबोट जाते. सबंध प्रवासात आपण काही न करता पुढे सरकतो असा हाच तेवढा टप्पा, आणि तो संपूच नये असं वाटतं. खाडीवर गार वारा, बाजूला मासळीची पाटी, समोर टेकाडावर जयगडचा किल्ला. किल्ला टेकाडावर आहे यातच पुढचं सगळं आलं. धक्क्यावर उतरलो की रस्ता क्षणाचीही उसंत न देता आकाशाकडे तोंड करतो.

वर पोचल्यावर मात्र तक्रार करायला तोंड उरत नाही. दोन्ही बाजूंना काळाकुट्ट कातळ, वाळून सोनेरी झालेलं गवत, चिरेखाणींचे तांबडे चौकोनी खड्डे. मधेच एखादा खोलगट भाग लागतो. तिथे भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात उरल्यासुरल्या ओलीवर कुळीथ आणि पावटा पेरलेला असतो. कलमांना मोहर येऊ लागलेला. त्याचा वास आणि फवारणीचा वास एकदम येतो, आणि छाती भरून श्वास घ्यावा की नाकाला रुमाल लावावा ते कळत नाही. चिऱ्यांनी भरलेला ट्रक बाजूने गेला की प्रश्न मिटतो. मग माणूस, सायकल आणि रुमाल एकाच रंगाचे होतात. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. हिवाळ्यात तो बराचसा वायव्येकडून येत असल्यामुळे दक्षिणेला निघालेल्याच्या पाठीवर हात ठेवतो. म्हणून आम्ही गुहागरहून रत्नागिरीला जातो. उलट दिशेने येणारे सायकलवाले भेटतात तेव्हा आम्ही त्यांच्याकडे फार प्रेमाने बघतो.

चढाने वजन उतरतं, अशी घरी समजूत आहे. मी ती मोडलेली नाही. हिशेब असा: मी आणि सायकल मिळून नव्वद किलो. शंभर मीटरचा चढ चढायला, शरीराची कार्यक्षमता ध्यानात घेऊन, फार तर नव्वद किलोकॅलरी लागतात. पलीकडच्या गावात उकडीचा मोदक मिळतो. त्यावर तूप घालतात. एक खाऊन कोणी थांबत नाही. म्हणजे सह्याद्रीची उंची दुप्पट केल्याशिवाय आमचं काही खरं नाही.

गणपतीपुळ्यापुढे आरे-वारेचा कडा येतो. रस्ता समुद्राच्या अगदी डोक्यावरून जातो. खाली दोन पुळणी, मधे डोंगराचं नाक, पाणी पार क्षितिजापर्यंत. लोक इथे मोटारी थांबवून फोटो काढतात. आम्हीही थांबतो आणि फोटो काढतो, कारण फोटोसाठी थांबलेल्या माणसाला दम लागला आहे असं कोणी म्हणत नाही. इतक्या संख्येने काढलेल्या त्या फोटोंत समुद्र चांगला आलेला एकही नाही.

रत्नागिरीला पोचलो आणि खानावळीत बसलो, तेव्हा खरं भांडण लागलं. दिवसभरात एकूण किती मीटर चढलो, याचे दोन कॉम्प्युटरनी दोन आकडे दिले होते. फरक दीडशे मीटरचा, म्हणजे आख्खा एक सडा. एकाचं यंत्र हवेच्या दाबावरून उंची काढतं, दुसऱ्याचं नकाशावरून. हवेच्या दाबावर भरवसा ठेवावा की नकाशावर, यावरून आवाज चढले. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने मुलांना दुसरीकडे बसवलं. माझ्याकडे यंत्र नसल्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही, आणि मी तोवर दुसरी सुरमई संपवली.

खानावळीच्या वहिनी सोलकढीचा तांब्या घेऊन आल्या आणि बराच वेळ ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘दोघांत कमी कोण चढलं ते एकदा ठरवा. त्याला भात बेतानं वाढते.’

दोन्ही कॉम्प्युटर तत्काळ खिशात गेले आणि ताटं पुढे झाली.